सोनूमामांचा चष्मा आणि दोन हातांवरचा देव

एक चष्मा पोचवायला सायकलवरून सव्वाशे किलोमीटर जाणारी माणसं शहाणी असतात का? नसतात. पण जाऊन आल्यावर ती इतकी खूश असतात की त्यांना कोणी तसं सांगायला धजत नाही. मी बेळगावात चष्म्याचं दुकान चालवते. नवरा अवी एका कारखान्यात यंत्रांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढतो आणि घरी आल्यावर माझ्या. पंचेचाळिशीनंतर आम्हा दोघांना सायकलचं वेड लागलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला दोन ट्यूब, एक पंप आणि गुडघ्याला चोळायचं मलम लागतं.

तर झालं असं. डिसेंबरच्या सुरुवातीला जोयड्याकडचे एक गृहस्थ दुकानात आले. सोनूमामा. वय सत्तरीच्या आसपास, डोक्याला टॉवेल, सोबत पुतण्या. मामा त्यांच्या गावच्या देवाचे पुजारी. तिथे मोठा निर्णय असला की देवाचा कौल घेतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. देवाच्या उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. कुठली पडली ते बघून सांगायचा मान पिढ्यान् पिढ्या मामांच्या घराकडे. गेल्या वर्षी मामांनी ‘उजवी’ सांगितलं आणि आत जाऊन बघतात तर डावी पडलेली! सगळ्या गावासमोर.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, बुधवंत म्हणला, यंदा जमलं न्हाई तर फुडल्या साली देवासमोर मोबाईल लावू, शूटिंग घिऊ,” मामा म्हणाले. बुधवंत म्हणजे त्यांचा गावप्रमुख. “अक्का, तुमीच सांगा, देव मोबाईलशी बोलणार व्हय?”

मी हसले, पण मामांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी डोळे तपासले. लांबचं एकदम लख्ख, समोरच्या इमारतीवरच्या कावळ्याची चोचसुद्धा दिसत होती. जवळचं मात्र सगळं पुसट. मोतीबिंदू नाही, काही नाही. अडीच नंबरचा जवळचा चष्मा घातला की झालं. आठवड्यानं न्यायला या म्हटलं. ते जाता जाता देवळाचं वर्णन करून गेले: देवराईत, दगडी, अर्धं पडलेलं, खांबांवर हत्ती कोरलेले. मी ते रात्री अवीला सांगितलं आणि त्यानं लगेच नकाशा उघडला. पडकी देवळं म्हटलं की आमच्या ह्यांना भूक लागत नाही.

पुढच्या गुरुवारी पुतण्याचा फोन. मळणी अडलीय, मामांना येता येत नाही, आणि कौल तर रविवारी. कुरिअर त्या वाडीपर्यंत जात नाही. “बसच्या कंडक्टरकडं द्याल काय?” असं तो विचारत होता आणि इकडे अवी मला खुणा करत होता. दोन्ही हातांनी हँडल धरल्याची खूण. गाडीनं चार तासांत पोचलो असतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पंप शोधायला गेले.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला निघालो. चष्म्याची डबी अवीच्या जादा मोज्यांत गुंडाळून माझ्या हँडलच्या पिशवीत ठेवली. मोजे धुतलेले होते, वास घेऊन खात्री केली. खानापूरपर्यंत थंडीनं बोटं वाकत नव्हती. तिथे गरम पुरीभाजी आणि दोन-दोन चहा, मग कुठे जीव आला. खानापूरच्या पुढे रस्त्याला झाडी लागते, हवेत ओलसर पालापाचोळ्याचा वास येतो, आणि लोंढ्यापासून पुढे आपण सारखं एकमेकांना “हे बघ, ते बघ” म्हणायला लागतो. एक सूचना: हा गोव्याचा रस्ता आहे, ट्रक भरपूर. आरसा लावा आणि भडक कपडे घाला. अवीचा पोपटी शर्ट मला घरात चालत नाही, इथे चालला.

दुपारी रामनगर. बेळगावपासून पासष्ट किलोमीटर धरा. बाजाराचं गाव, ट्रक, बसगाड्या, आणि कान देऊन ऐकलं तर सगळीकडे आपली मराठी, मधेच कन्नड, मधेच कोकणी. चहाच्या गाड्यावरच्या म्हाताऱ्या मालकानं आमच्याकडे फार करुणेनं पाहिलं.

“गाडी बिगडली काय हो?”

“नाही हो, सायकलवरच आलोय. बेळगावहून.”

“बस चुकली?”

“नाही. मुद्दाम आलोय.”

“मुद्दाम!” तो मागे वळून ओरडला, “अगं, बाहेर ये, हे बेळगावास्नं मुद्दाम सायकलवर आल्यात!” बायको बाहेर आली, आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि न बोलता प्रत्येकी एक केळं दिलं. पैसे घेतले नाहीत. लॉज साधा, खोली आठशे रुपये, गरम पाणी सकाळी सहानंतर. सायकली आत घ्यायला मालक आधी तयार नव्हता. मग त्यालाच एक चक्कर मारायला दिली.

शनिवारी रामनगर सोडलं आणि ट्रकही सुटले. जगलबेटवरून गणेशगुडीच्या बाजूला वळलं की रस्ता आपल्या एकट्याचा. चढ-उतार चढ-उतार, एकही चढ मोठा नाही पण एकही छोटा म्हणावा असा नाही. बांबू, साग, मधेच भातखाचरं, कापणी झालेली, त्यात बगळे. उतारावर मी चक्क ओरडत गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, हेल्मेट घालून, “हुर्रेऽऽ” करत. वाटेत एका गुराख्यानं मला प्रतिसाद म्हणून तशीच आरोळी ठोकली. आमचं तेवढंच संभाषण झालं आणि फार छान झालं.

गणेशगुडीच्या अलीकडे एका फाट्यावर बन्स खायला थांबलो. केळ्याचे गोडसर, मऊ बन्स, सोबत भाजी. दोघांचं ऐंशी रुपयांत पोट भरलं. विकणारी बाई म्हणाली की तिच्या सासऱ्यांचं घर सुप्याला होतं, आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मी हळहळले तर म्हणाली, “सासरे म्हनायचे, आमचंच घर असं हाय ज्यात चोर शिरत न्हाई.” आणि पुढचा बन तळायला घेतला.

जोयड्याच्या वाटेवर झाडाखाली तीन वीरगळ उभे आहेत. लढाईत मेलेल्या वीरांच्या आठवणीचे हे दगड. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवाची पिंड. ऊन-पावसानं वीरांची नाकं गेली होती, पण एकाची तलवार अजून इतकी तरतरीत की अवी फोटो काढता काढता तिला हात लावून आला. शेजारी गवत कापणारी बाई म्हणाली, “ते आमचे मूळपुरुस. लढून मेलेत.”

“कुणाशी लढले?”

“ते त्येंनाच ठावं. मी आपली सणाला हळद लावते.”

जोयडा म्हणजे तालुक्याचं गाव, सरकारी कचेऱ्या, थोडी दुकानं, जीपगाड्यांचा थांबा. पुढे मोबाईलची रेंज जाते म्हणून नकाशा इथेच उतरवून घ्या, रोख पैसेही इथेच काढा, पाणी भरून घ्या. आणि पुढचा भाग व्याघ्र प्रकल्पाचा आहे, तेव्हा अणशीच्या बाजूला जायचं तर दिवसाउजेडी जा, चौकीवर विचारा, आडवाटेला शिरू नका. आम्ही कुंभारवाड्याच्या रस्त्यानं काही अंतर जाऊन मामांच्या वाडीला वळलो. वाडीचं नाव मी लिहिणार नाही. प्रतिक्रियांमध्ये विचारू नका, सांगणार नाही. देवराईत रील करणाऱ्यांची जत्रा माझ्यामुळे भरायला नको.

शेवटचे चार किलोमीटर लाल मातीचे. सायकली ढकलत, घामाघूम होऊन पोचलो तर मामा अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसलेले. आम्हाला पाहून त्यांच्या हातातला कोयताच थांबला.

“अक्का! सायकलवर? चष्म्यापायी?”

“चष्म्यापायी.”

“आगे, बाहेर ये!” त्यांनी मामींना हाक मारली. “बेळगावची डाक्टरीण आलीया.” मी डॉक्टर नाही असं तीनदा सांगितलं, काही उपयोग झाला नाही. अवी लगेच ‘दाजी’ झाला.

मोज्यांतून डबी काढली. मामांनी चष्मा घातला, हातातली कामटी डोळ्यांसमोर धरली आणि तोंडाचा आ केला. “मायला, हिची रेषान् रेषा दिसतीया!” मग सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. मग तळहात पाहिला. मग मामींचा हात ओढून तो पाहिला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. माझ्या धंद्यात हा क्षण रोज येतो आणि रोज मला तो पहिल्यांदा आल्यासारखाच वाटतो.

जेवायला तांदळाची भाकरी, कणगीची भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. कणगी हा रताळ्यासारखा कंद, ह्या दिवसांतच निघतो, आणि मामींनी तो असा केला होता की मी पाककृती विचारली. “मीठ, मिरची, खोबरं,” एवढंच उत्तर मिळालं. चटणी आंबट आणि झणझणीत. आधी खा, मग विचारा.

ऊन कलल्यावर मामा म्हणाले, “चला, देऊळ दावतो.” चपला वाडीच्या वेशीशी काढायच्या. देवराईत शिरलो आणि एकदम गारवा. माणसाच्या कवेत न मावणारी झाडं, त्यांच्या मुळांत अडकलेले कोरीव दगड. मंडपाचे चार खांब उभे, दोन आडवे, आडव्यांवर शेवाळ. खांबांवर खरंच हत्ती. ओळीनं, एकाची शेपटी दुसऱ्याच्या सोंडेत. एका पट्टीवर जुनी कन्नड अक्षरं, वाचता येणारं गावात कोणी नाही. “कुणी बांधलं?” अवीनं विचारलं. “पांडवांनी, एका राती. मधेच कोंबडा आरवला म्हनून अर्धं ऱ्हायलं,” मामा म्हणाले, आणि त्या कोंबड्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

गाभारा तेवढा उभा. छताची एक शिळा सरकलेली, त्या फटीतून झाडाचं मूळ आत उतरलंय आणि पावसात पाणी थेट देवाच्या डोक्यावर. उद्याचा कौल त्याचाच होता: वर लोखंडी पत्रे घालायचे की नाही. मला विचाराल तर त्या हत्तींच्या डोक्यावर निळा पत्रा! पण मला कोणी विचारलं नव्हतं. मामांचं मात्र पक्कं ठरलं होतं. “पत्रं पायजेतच अक्का. चाळीस पावसाळं मी हितं भिजतोय. दिवा टिकत न्हाई, गुडघं ऱ्हात न्हाईत. देव उजवं देऊ दे म्हनून मी रोज मागतोय.”

मग त्यांनी कौल कसा घेतात ते दाखवलं. आधी जवळ जाऊन पाकळ्या चिकटवायच्या, ते चष्म्यानं झकास होणार होतं. पण एकदा पाकळ्या लागल्या की मागे सरायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. देव उत्तर देईपर्यंत आत पाऊल नाही, वाकणं नाही. बाकीचं गाव मागे मंडपात. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, चष्म्यातून देवाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“अक्का,” ते हळूच म्हणाले, “देव धुकट दिसतोय.”

उंबऱ्यापासून देव दोन हात, सव्वादोन हात. मी दिलेला चष्मा एका हातावरचा. पुस्तकाच्या अंतराचा! वीस वर्षं धंदा करतेय, आणि एवढा साधा प्रश्न विचारला नाही, की मामा, तुम्हाला बघायचं ते असतं किती लांब? दुकानात तक्ता हातात देऊन तपासलं, दिसलं, झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या ह्या चुकीपायी उद्या ह्या माणसाचा मान जाणार होता, आणि तो मलाच धीर देत होता. “असू द्या अक्का. तुमी एवढ्या लांब आलाव, त्येच लई झालं.”

मला रडू यायचं बाकी होतं. माझा स्वतःचा चष्मा लांबचा, उणे तीनचा, त्याचा काय उपयोग? बेळगावला जाऊन येणं आता शक्य नाही. मी तिथल्या आडव्या खांबावर बसले आणि अवीकडे पाहिलं. तो हत्तीचे बारकावे वहीत उतरवत होता, नाकावर त्याचा तो कॉम्प्युटरवर काम करायचा चष्मा. एक नंबर.

एक नंबर! एक नंबर म्हणजे बरोबर एक मीटर, म्हणजे सव्वादोन हात!

“अवी, काढ!” मी ओरडले.

“काय काढू?” तो घाबरून उभाच राहिला. देवळात आपल्याला काय काढायला सांगतात ह्याचा त्याला अंदाज येईना.

मी त्याच्या नाकावरून चष्मा ओढला आणि मामांना दिला. त्यांनी घातला. उंबऱ्यातून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. पण माझा आता माझ्यावरच विश्वास उरला नव्हता. परीक्षा घ्यायची म्हटलं. देवावर उगाच पाकळ्या लावता येत नाहीत. तेव्हा मामींनी तोड काढली. घरी चुलीच्या पलीकडच्या कोनाड्यात पितळी तांब्या ठेवला, अलीकडे मामांना बसवलं, मी दोरीनं अंतर मोजलं. उजेड फक्त चुलीचा आणि दिव्याचा, गाभाऱ्यात असेल तेवढाच. मामी तांब्याच्या दोन बाजूंना जास्वंदाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या आणि कुठलीतरी एक बोटानं ढकलायच्या.

“उजवी.”

“बरोबर.”

“डावी.”

“बरोबर.”

“आता दोनी पडल्यात. लबाडी करू नगंस!”

मामी पदरात तोंड लपवून हसत सुटल्या. अकरा वेळा विचारलं, अकराही वेळा बरोबर. बाराव्या वेळी मामींनी पाकळी लावलीच नाही, आणि मामांनी तेही ओळखलं. इतकी मजेशीर नेत्रतपासणी मी जन्मात केलेली नाही. अवीला मात्र समोरच्या भाकरीवर काय वाढलंय ते नीट दिसत नव्हतं. मुंग्यांची चटणी त्यानं कणगीची भाजी समजून भरपूर घेतली, आणि मग पाणी, पाणी.

रविवारी सकाळी सगळी वाडी मंडपात जमली. साठेक माणसं. बुधवंत पांढऱ्या टोपीत, गंभीर. पुतण्यानं मोबाईल आणला होता, पण खिशातच ठेवला. मामांनी एक चष्मा घालून पाकळ्या लावल्या, मागे सरून उंबऱ्याबाहेर आले, पहिला चष्मा काढून दुसरा घातला. लोकांत कुजबुज झाली. “दोन दोन चष्मे?” “बेळगावची डाक्टरीण हाय ती, तिनं दिल्यात.” माझे कान लाल झाले.

मग मामांनी गाऱ्हाणं घातलं. “देवा म्हाराजा, तुझी ही लेकरं तुझ्या दारात उबी हाईत. तुझ्या डोक्यावर पानी गळतंय. आमी पत्रं घालावं अशी तुझी मर्जी असंल तर उजवं दे, नसंल तर डावं दे. पर साफ दे, दुविधात टाकू नगंस.” सगळे एका सुरात “व्हय” म्हणाले. मग शांतता. पाखरंसुद्धा थांबल्यासारखी वाटली. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. मी मामांच्या पाठीकडे बघत होते. देव मला कुठून दिसणार? कोणालाच दिसत नव्हता. फक्त त्या एका माणसाला.

मामांची मान किंचित हलली. पडलं होतं काहीतरी. पण ते बोलेनात. साठ माणसं वाट बघतायत आणि मामा गप्प. माझ्या मनात आलं, झालं, दिसलं नाही. मेला तो एक नंबर. अवीनं माझा हात गच्च धरला.

“डावं,” मामा म्हणाले.

बुधवंत पुढे झाले. “सोनू, नीट बगितलंस?”

“बगितलं. डाव्या अंगाची. दिव्याच्या वातीशी पडलीया, देठ वर हाय, कड वाईच मुडपलीया.”

बुधवंत आत गेले, वाकून पाहिलं आणि बाहेर आले. त्यांनी टोपी काढली. “डावं हाय,” ते म्हणाले, “आन् कड बी मुडपलीया.” सगळा मंडप एकदम बोलायला लागला. पुतण्या मामांच्या पाया पडला. आता पुढची कैक वर्षं तिथे कोणी मोबाईलचं नाव काढणार नाही.

गर्दी पांगल्यावर मी मामांना विचारलं, “मामा, तुम्हाला तर उजवं हवं होतं. सांगायला एवढा वेळ का लागला?”

मामा खांबाला टेकून बसले होते. “वाईट वाटलं, अक्का. लगेच तोंड उघडंना. चाळीस पावसाळं मागतोय मी पत्रं.” मग गाभाऱ्याकडे बघून त्यांनी हात उडवला. “पर त्येला भिजायलाच आवडतंय, तर म्या काय करू? बसू दे भिजत!” आणि असे हसले की मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. काल ज्याला देव धुकट दिसत होता त्याला मी नीट दिसेल असं केलं, आणि नीट दिसलं ते नेमकं त्याच्या मनाविरुद्ध. त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. मंडपातल्या साठ माणसांत त्या क्षणी ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

दुपारी निघालो. मामींनी पाच किलो कणगी सायकलवर बांधली. “परत ये गं,” म्हणाल्या, आणि उगाच माझं हेल्मेट सरळ केलं. अवीचा चष्मा मामांकडेच राहिला, त्यामुळे परतीला नकाशा वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि आम्ही एकदाही चुकलो नाही, हे इथे नमूद करते. रात्र जोयड्यात काढली. सोमवारी रामनगरपर्यंत सायकल, तिथून एका टेम्पोत सायकली टाकून बेळगाव, कारण गुडघ्यांनी संप पुकारला होता. जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, आमच्यासारखे चार नको, पाच दिवस ठेवा, आणि पाच किलो कणग्यांची जागा ठेवा.

दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणजे मामांसाठी एक नंबरचा नवा चष्मा केला आणि बसनं पाठवला. निरोप दिला की देवळात हा वापरा, आमच्या दाजींचा परत पाठवा. आठ दिवसांनी रामनगरला बाजाराला आलेल्या मामांचा फोन आला.

“अक्का, नवा देवळात ठिवला. पर दाजींचा न्हाई देत. तो घरी लागतोय.”

“घरी कशाला? कामट्यांना तर अडीचचा आहे ना?”

“कामट्यांना न्हाई ओ. सांजचं आमी चुलीपाशी बसतो न्हवं? ती पल्याड, मी अल्याड. बराबर तेवडंच अंतर. जवळच्या चष्म्यात ती दिसायची न्हाई, बिनचष्म्याची पुसट. आता दिसती.” थोडं थांबून म्हणाले, “लई म्हातारी झालीया ओ. मला ठावंच नव्हतं. पर हसती तशीच.”

माझ्याकडे येणाऱ्यांना मोबाईल बघायचा असतो, नाहीतर गाडी चालवायची असते. जवळचं आणि लांबचं, ह्या दोनच गोष्टी मी वीस वर्षं विचारत आले. आता मी एक जास्तीचा प्रश्न विचारते: घरी जेवायला बसता तेव्हा समोर कोण असतं, आणि किती लांब? गिऱ्हाइकं आधी चक्रावतात. मग हातानं अंतर दाखवतात, आणि दाखवता दाखवता बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की त्या माणसाकडे नीट बघून किती दिवस झाले.

अवीसाठी नवा चष्मा केलाय. काल रात्री जेवताना त्यानं तो घातला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “काय गं, तुझ्या भुवईत पांढरा केस आहे!”

मी त्याला भात वाढला आणि म्हटलं, बघ, नीट बघ.